महाराष्ट्रातले कोणते शहर सुरक्षित? गुन्ह्यांचे आकडे वाचताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बदली झालेली असते, मुलीला बाहेरगावच्या कॉलेजात प्रवेश मिळालेला असतो, निवृत्तीनंतर कुठे राहायचे हे ठरवायचे असते. अशा वेळी 'ते शहर कसे आहे, सुरक्षित आहे ना?' हे सगळ्यात आधी विचारले जाते. शोधायला बसले की आकड्यांचे तक्ते आणि 'सर्वांत सुरक्षित शहरां'च्या याद्या समोर येतात. त्या आकड्यांत कामाचे पुष्कळ आहे. पण ते वाचायचे कसे, हे फारसे कुणी सांगत नाही. मग प्रामाणिकपणे फिर्याद नोंदवणारे शहर बदनाम होते आणि फिर्यादीला पोलीस ठाण्याच्या दारातून परत पाठवणारे शहर शाबासकी मिळवते. ही चूक टाळण्यासाठी ही प्रश्नोत्तरे.

थेट सांगा, महाराष्ट्रातले सर्वांत सुरक्षित शहर कोणते?

एकच नाव देता येत नाही, आणि जो देतो त्याने आकडे नीट पाहिलेले नाहीत असे समजा. रात्रपाळी करणारी तरुणी, एकटे राहणारे आजी-आजोबा, दुकानदार आणि शाळकरी मुलगा यांना असणारे धोके वेगवेगळे आहेत. एकाच शहरात वाहनचोरी जास्त आणि खून कमी असू शकतात. म्हणून 'कोणासाठी आणि कोणत्या गुन्ह्यापासून सुरक्षित?' हे आधी ठरवा. मग तुलना जमते.

हे आकडे येतात कुठून?

देशपातळीवर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, दरवर्षी 'क्राइम इन इंडिया' हा अहवाल काढतो. विभागाची स्थापना १९८६ ची असली तरी अहवालाची मालिका १९५३ पासूनची आहे. महाराष्ट्रापुरते पाहायचे तर पुण्यातला राज्य गुन्हे अन्वेषण विभाग, म्हणजे सीआयडी, 'क्राइम इन महाराष्ट्र' प्रसिद्ध करतो. त्यात आयुक्तालय आणि जिल्हानिहाय तक्ते असतात. राज्यातल्या राज्यात तुलना करायची असेल तर हा अहवाल जास्त उपयोगी. शिवाय वर्षाच्या सुरुवातीला बहुतेक पोलीस आयुक्त पत्रकार परिषदेत मागच्या वर्षाचा आढावा देतात, त्याच्या बातम्या स्थानिक पानांत येतात.

या सगळ्या आकड्यांचे मूळ एकच आहे: पोलीस ठाण्यात नोंदवलेला एफआयआर. जे घडले पण नोंदवले गेले नाही, ते यातल्या कुठल्याच तक्त्यात नाही.

आकडे उशिरा येतात, हेही लक्षात ठेवा. २०२२ चा राष्ट्रीय अहवाल डिसेंबर २०२३ मध्ये आला, २०२३ चा तर सप्टेंबर २०२५ मध्ये. 'ताजी क्रमवारी' म्हणून फिरणारी यादी बहुधा दोन-तीन वर्षांपूर्वीच्या शहराची असते.

गुन्ह्यांची संख्या बघायची की दर?

दर. दर म्हणजे एक लाख लोकसंख्येमागे किती गुन्हे. महिलांवरील गुन्ह्यांचा दर एक लाख महिलांमागे काढतात, हा फरक विसरला की तुलना फसते.

संख्या आणि दर किती वेगळी गोष्ट सांगतात ते पाहा. २०२२ मध्ये देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. संख्येत महाराष्ट्र २,२९५ गुन्ह्यांसह उत्तर प्रदेश आणि बिहारच्या पाठोपाठ तिसरा. मथळा करायला एवढे पुरते. पण दर लाखामागे पाहिले तर देशाचा दर सुमारे २.१ आणि महाराष्ट्राचा सुमारे १.८, म्हणजे राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी. मोठ्या राज्यात आणि मोठ्या शहरात सगळ्याच गोष्टींची संख्या मोठी असते.

मग दर पाहिला की काम झाले?

नाही, कारण दर हा भागाकार आहे, आणि त्यातला भाजक अनेकदा चुकीचा किंवा जुना असतो. महाराष्ट्रातल्या शहरांची तुलना करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक लेखात ही गोष्ट निसटते, म्हणून थोडे सविस्तर.

पहिली अडचण जनगणनेची. २०२१ ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे एनसीआरबीच्या शहरांच्या तक्त्यात अजून २०११ ची लोकसंख्या वापरली जाते. आता विचार करा, २०११ नंतर वाघोली, हिंजवडी, खारघर, उलवे या भागांत किती माणसे राहायला आली. वेगाने वाढणाऱ्या शहरात गुन्हे आजच्या लोकसंख्येचे आणि भागाकार मात्र पंधरा वर्षांपूर्वीच्या लोकसंख्येने. दर फुगलेला दिसणारच. ज्या शहराची लोकसंख्या फारशी वाढली नाही, त्याला हा फटका कमी बसतो.

दुसरी अडचण हद्दीची. त्याच तक्त्यात मुंबईची लोकसंख्या १८४.१ लाख धरलेली आहे. हा आकडा बृहन्मुंबई नागरी समूहाचा, त्यात ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली असा सगळा पट्टा येतो. मुंबई महानगरपालिकेची लोकसंख्या २०११ मध्ये १२४.४ लाख होती आणि मुंबई पोलीस आयुक्तालयाची हद्द साधारण तेवढीच आहे. ठाणे, नवी मुंबई आणि मीरा-भाईंदर, वसई-विरार ही आयुक्तालये वेगळी आहेत. समजा, ५०,००० गुन्हे नोंदले. १८४.१ लाखांनी भागले तर दर येतो सुमारे २७२, आणि १२४.४ लाखांनी भागले तर सुमारे ४०२. गुन्हे तेवढेच राहिले, तरी भाजक बदलला की शहर जवळपास दीडपट 'धोकादायक' झाले.

पुण्याचेही तसेच. तक्त्यातली ५०.५ लाख लोकसंख्या पिंपरी-चिंचवड धरून आहे, पण १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवडचे आयुक्तालय स्वतंत्र आहे. पुण्याचा दर वाचताना गुन्ह्यांच्या आकड्यात दोन्ही आयुक्तालये आहेत की एकच, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. '२०१८ नंतर पुण्यातली गुन्हेगारी घटली' असे वाक्य दिसले तर आधी हद्द कुठे तुटली ते बघा.

आमचे शहर एनसीआरबीच्या यादीत का सापडत नाही?

सध्या एनसीआरबी फक्त २० लाखांहून अधिक लोकसंख्येच्या १९ महानगरांचे वेगळे तक्ते देते. त्यात महाराष्ट्रातली तीनच: मुंबई, पुणे, नागपूर. काही वर्षांपूर्वीपर्यंत १० लाखांवरची ५३ शहरे यादीत असत. तेव्हा नाशिक, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) आणि वसई-विरारही दिसत. जुनी आणि नवी यादी शेजारी ठेवून 'आमचे शहर यादीतून बाहेर पडले, म्हणजे सुधारले' असा निष्कर्ष काढणारे लोक आहेत. तसे काही नाही, यादीचा निकष बदलला.

बाकी शहरांसाठी आयुक्तालय आहे की नाही ते पाहा. नाशिक, सोलापूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगर येथे आयुक्तालये आहेत, त्यांचे आकडे स्वतंत्र मिळतात. पण सांगली, जळगाव, लातूर, चंद्रपूर अशी शहरे जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीत येतात. तिथे मिळणारा आकडा पूर्ण जिल्ह्याचा, शेकडो खेडी धरून. तो शहराचा म्हणून वापरला की सगळेच बिघडते. शहराचा खरा आकडा हवा असेल तर पोलीस ठाणेनिहाय माहिती जमवावी लागते.

आणि लोहमार्ग पोलीस. मुंबईच्या लोकलमध्ये मोबाईल मारला, तर गुन्हा शहर पोलिसांच्या नव्हे, लोहमार्ग पोलिसांच्या खात्यात जातो. रोज लोकलने कामाला जाणाऱ्या माणसाला सर्वांत जास्त भीती ज्या चोरीची, तीच 'मुंबई शहरा'च्या आकड्यात नाही.

जिथे गुन्हे जास्त नोंदले जातात ते शहर जास्त असुरक्षित, बरोबर ना?

हाच सर्वांत मोठा गैरसमज आहे, आणि याने खरोखर नुकसान होते.

गुन्हा घडणे आणि गुन्हा नोंदणे यांच्यामध्ये बरेच अडथळे आहेत. आधी माणसाला ठाण्यात जावेसे वाटले पाहिजे. मग ठाणे अंमलदाराने ऐकून घेतले पाहिजे. मग ती तक्रार दखलपात्र गुन्हा म्हणून, म्हणजे पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात असा गुन्हा म्हणून, लिहिली गेली पाहिजे. नुसती 'एनसी' घेऊन, म्हणजे अदखलपात्र नोंद करून बोळवण होऊ शकते. मोबाईल चोरीला गेला तर 'गहाळ झाला असे लिहा, दाखला लगेच मिळेल' असा सल्ला मिळतो, आणि सिमकार्डासाठी घाईत असलेला माणूस तसे लिहून देतो. चोरी झाली, पण चोरीच्या आकड्यात भर पडली नाही.

आयडीएफसी इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि चेन्नईत घरोघर जाऊन पाहणी केली होती. चोरी झालेल्यांपैकी एफआयआरपर्यंत पोहोचलेले लोक चारही शहरांत दहा टक्क्यांहून कमी निघाले. म्हणजे चोरीचा सरकारी आकडा हा खऱ्या चोऱ्यांचा अगदी छोटा तुकडा आहे, आणि तो तुकडा किती मोठा हे ठाण्यागणिक बदलते. एखाद्या शहराने नोंदणी सुधारली आणि दहाऐवजी वीस टक्के चोऱ्या लिहून घेतल्या, तर कागदावर चोऱ्या दुप्पट होतील. तिथला नागरिक मात्र आधीपेक्षा बऱ्या अवस्थेत असेल, कारण त्याची दाद घेतली जात आहे.

केरळ हे याचे ठळक उदाहरण. नोंदलेल्या गुन्ह्यांच्या दरात ते राज्य आणि कोची शहर वर्षानुवर्षे वरच्या क्रमांकांत असतात, खुनाचा दर मात्र तिथे देशाच्या सरासरीपेक्षा कमी. तिथे लोक ठाण्यात जातात आणि पोलीस लिहून घेतात, हे त्या वरच्या क्रमांकाचे मोठे कारण. खुद्द एनसीआरबीही आपल्या अहवालात बजावते की गुन्ह्यांत वाढ आणि गुन्ह्यांच्या नोंदणीत वाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आकडा वाढला म्हणजे पोलीस निष्प्रभ ठरले असे मानणे चूक आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केले की दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे. तरीही वर्षअखेरीस 'गुन्हे घटले' असे सांगण्याचा दबाव वरून खाली येतो, आणि त्याची सर्वांत सोपी वाट म्हणजे न लिहिणे. आपण वाचक जेव्हा आकडा वाढला म्हणून शहराला झोडपतो, तेव्हा त्या दबावात आपणही भर घालतो.

मग तुलनेसाठी भरवशाचे असे काहीच नाही?

आहे. काही गुन्हे लपत नाहीत.

खून हा पहिला. मृतदेह लपवणे सोपे नसते, शवविच्छेदन होते, नोंद टाळणे अवघड. शहरांची तुलना करायची आणि एकच आकडा घ्यायचा असेल तर खुनाचा दर घ्यावा. मात्र त्याचा अर्थ ताणू नये. २०२२ च्या अहवालात खुनाच्या कारणांत सर्वांत वर होते वादविवाद, ९,९६२ गुन्हे. त्यानंतर वैयक्तिक वैमनस्य. लाभासाठी झालेले खून १,८८४. जमिनीवरून, पैशावरून, घरातल्या भांडणातून, ओळखीच्यांत झालेले खून हा मोठा भाग. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसाला किती धोका, हे खुनाचा दर थेट सांगत नाही.

वाहनचोरी हा दुसरा. विम्याचा दावा करायला एफआयआर लागतो, शिवाय त्याच गाडीने कुणी गुन्हा केला तर आपल्या अंगाशी येऊ नये म्हणून मालक स्वतःहून ठाणे गाठतो. त्यामुळे नोंद बरीच पूर्ण असते. पार्किंगशिवायच्या सोसायटीत घर घेणाऱ्याने हा आकडा जरूर बघावा.

घरफोडी, जबरी चोरी आणि दरोडा यांची नोंद मध्यम भरवशाची. मारहाण, विनयभंग, किरकोळ चोरी, खिसेकापूपणा यांच्या आकड्यांवरून दोन शहरांची तुलना करणे मात्र जवळजवळ निरर्थक आहे.

एकूण गुन्ह्यांचा आकडा का वापरू नये?

कारण त्यात सगळे एकत्र कालवलेले असते. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेखालचे आणि विशेष व स्थानिक कायद्यांखालचे गुन्हे असे दोन गट असतात. महाराष्ट्र पोलिसांच्या बोलीत 'भाग १ ते ५' आणि 'भाग ६'. या भाग ६ मध्ये दारूबंदी, जुगार, हत्यार कायदा असे गुन्हे येतात, आणि ते मुख्यतः पोलिसांनी स्वतः धाडी टाकून नोंदवलेले असतात. धाडी वाढल्या की आकडा वाढतो. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती. त्या काळात तिथल्या एकूण आकड्यात दारूच्या केसेसचा भरणा असणे स्वाभाविक होते. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. अशा जिल्ह्याची शेजारच्या जिल्ह्याशी एकूण आकड्यावर तुलना करून काय हाती लागणार?

२०२० साल तर विसरूच नका. देशातल्या नोंदलेल्या गुन्ह्यांत त्या वर्षी २८ टक्के वाढ दिसते, आणि ती मुख्यतः टाळेबंदीचे आदेश मोडल्याबद्दल कलम १८८ खाली घातलेल्या केसेसची. चोऱ्यामाऱ्या उलट कमी झाल्या होत्या. पाच वर्षांचा कल काढताना हे वर्ष बाजूला ठेवा.

आणखी एक नियम: एका एफआयआरमध्ये अनेक कलमे असली तरी मोजताना त्यातला सर्वांत गंभीर गुन्हाच मोजतात. बलात्कार करून खून झाला असेल तर तो बलात्काराच्या रकान्यात मोजला जात नाही.

मुलीला शिकायला किंवा नोकरीला पाठवायचे आहे. महिलांवरील गुन्ह्यांचा दर पाहून शहर ठरवावे का?

फक्त त्यावरून अजिबात ठरवू नका. काळजी रास्त आहे, पण हा आकडा त्या काळजीचे उत्तर देत नाही.

महिलांवरील गुन्ह्यांत सर्वांत मोठा वाटा, २०२२ मध्ये सुमारे ३१ टक्के, पती किंवा सासरच्यांकडून होणाऱ्या क्रूरतेचा आहे. म्हणजे पूर्वीचे ४९८-अ, आताच्या भारतीय न्याय संहितेचे कलम ८५. हा गुन्हा घराच्या आत घडतो. रात्री साडेदहाला बसथांब्यावर उभ्या असलेल्या मुलीला काय सोसावे लागेल, हे त्यातून कळत नाही. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांतही ९० टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. 'अनोळखी शहर' जितके भीतिदायक वाटते, तितका धोका अनोळखी माणसाकडून येत नाही, हे ऐकायला कठीण असले तरी खरे आहे.

आणि न नोंदण्याचे प्रमाण इथे सर्वांत जास्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्क्यांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागणाऱ्या साधारण १४ टक्केच, आणि त्यातही पोलिसांपर्यंत जाणाऱ्या फार थोड्या. ज्या शहरात हा दर वाढताना दिसतो, तिथे बायका बोलू लागल्या आहेत, महिलांच्या मदतीसाठी पोलिसांनी चालवलेल्या भरोसा सेलसारख्या व्यवस्थेपर्यंत पोहोचत आहेत, अशीही शक्यता असते. शून्याजवळचा आकडा मला तरी दिलासा देत नाही, त्याची धास्तीच वाटते.

त्यापेक्षा हे बघा: कॉलेज किंवा ऑफिसपासून राहण्याच्या जागेपर्यंतचा रस्ता रात्री कसा असतो, दिवे चालू आहेत का, शेवटची बस किती वाजता, हॉस्टेलजवळ उशिरापर्यंत उघडी दुकाने आहेत का, लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रार समिती नावाला आहे की काम करते. आणि तिथे दोन वर्षे राहिलेल्या मुलींशी बोला, पालकांशी नव्हे. मुली पालकांना सगळे सांगत नाहीत.

तालुक्याचे गाव शहरापेक्षा सुरक्षित असते का?

आकड्यांवरून ठरवणे कठीण, कारण लहान संख्या फार उड्या मारतात. ६०,००० वस्तीच्या गावात वर्षात एक खून झाला तर दर १.७, म्हणजे राज्याच्या सरासरीइतका. पुढच्या वर्षी एकाच भावकीच्या भांडणात तीन माणसे गेली तर दर थेट ५. त्याच्या पुढच्या वर्षी शून्य. गाव तेच, माणसे तीच. लहान गावांसाठी निदान पाच वर्षांची सरासरी घ्यावी.

शिवाय लहान गावात फिर्यादी, आरोपी आणि गावपुढारी एकमेकांना ओळखतात. प्रकरण 'आपसात मिटवले' जाते. विशेषतः जातीय अत्याचाराच्या तक्रारीत हा दबाव किती असतो, ते त्या घरातल्यांनाच माहीत. शांत दिसणारे गाव सगळ्यांसाठीच शांत असेल असे नाही.

तीर्थक्षेत्रे आणि पर्यटनस्थळांचे काय?

पंढरपूरची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे १ लाख होती, आणि आषाढीला तिथे कित्येक लाख वारकरी येतात. गर्दीत मारलेले पाकीट आणि तोडलेले मंगळसूत्र त्या गावच्या खात्यात जमा होते, भागाकार मात्र गावच्या लोकसंख्येने. शिर्डी, त्र्यंबकेश्वर, लोणावळा, महाबळेश्वर सगळीकडे हेच. दक्षिण मुंबईतल्या कार्यालयांच्या भागातही दिवसाची माणसे रात्रीच्या माणसांच्या कितीतरी पट असतात.

सायबर गुन्ह्यांवरून शहरांची तुलना करावी का?

नाही. फसवणारा शेकडो किलोमीटर दूर बसलेला असतो, गुन्हा तुमच्या शहरात नोंदला जातो. फार तर त्या शहरातले लोक किती ऑनलाइन व्यवहार करतात ते यातून कळेल. फसवणूक झाली तर मात्र कोणत्याही शहरातून लगेच १९३० ला फोन करा, पैसे थांबवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

२०२४ नंतरचे आकडे आधीच्या वर्षांशी ताडून पाहता येतील का?

जपून. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाचे ३०२ आता १०३ झाले, चोरीचे ३७९ आता ३०३. नुसते क्रमांक बदलले असते तर प्रश्न नव्हता. पण हिसकावून नेण्याचा, म्हणजे आपल्या नेहमीच्या सोनसाखळी आणि मोबाईल चोरीचा, गुन्हा आता कलम ३०४ खाली स्वतंत्र आहे. संघटित गुन्हेगारीलाही वेगळे कलम मिळाले. आणि तुलनेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे: ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, परिशिष्टात अदखलपात्र ठरवली आहे. अशा चोऱ्या एफआयआरच्या मोजणीतून गळू शकतात. तीन वर्षे किंवा त्याहून जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत एफआयआरआधी १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करायची मुभाही आली आहे. तेव्हा येत्या वर्षांत एखाद्या शहराने 'चोऱ्या घटल्या' असे जाहीर केले, तर ही दोन कारणे आधी तपासावी लागतील.

गुन्हे उघडकीस येण्याचे आणि शिक्षेचे प्रमाण पाहावे का?

जरूर. दोषारोपपत्राचे प्रमाण पोलिसांचा तपास किती शेवटास जातो ते दाखवते. दोषसिद्धीचे प्रमाण मात्र त्या वर्षी निकाल लागलेल्या खटल्यांवर काढलेले असते, आणि ते खटले अनेकदा पाच-सात वर्षांपूर्वीचे असतात. आजच्या आयुक्तांचे श्रेय किंवा दोष त्यात शोधू नका.

संकेतस्थळांवरचे 'सेफ्टी इंडेक्स' कितपत खरे?

बरेचसे तिथे येऊन मत नोंदवणाऱ्यांच्या भावनांवर बनलेले असतात. कोणी मत दिले, किती जणांनी, कोणत्या भागातून, हे दिलेले नसेल तर सोडून द्या.

रोज कोयत्याच्या बातम्या येतात, तेही खोटे का?

खोटे नाही. पुणे परिसरात अल्पवयीन आणि तरुण टोळ्यांनी कोयते घेऊन घातलेला धुडगूस लोकांनी डोळ्यांनी पाहिला आहे, त्यांच्यावर मोक्का आणि तडीपारीच्या कारवाया झाल्या आहेत. ज्याची गाडी फुटली त्याला राज्याची सरासरी ऐकवणे क्रूरपणाचे होईल. पण सीसीटीव्हीची एक चित्रफीत आठवडाभर फिरते आणि तीच घटना वीस वेळा मनावर आदळते, हेही खरे. बातमीवरून जागा कळते, वेळ कळते, पद्धत कळते. प्रमाण कळत नाही.

मग घर घेण्याआधी किंवा भाड्याने जाण्याआधी नेमके काय पाहायचे?

शहर सोडा, ठाण्याच्या हद्दीवर या. गुन्हे शहरभर सारखे पसरलेले नसतात. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरावरच्या १९८९ च्या प्रसिद्ध अभ्यासात पोलिसांना आलेले निम्मे कॉल जेमतेम ३ टक्के पत्त्यांवरून आले होते, आणि पुढे इतर अनेक शहरांतही असाच कल दिसला. एखादा चौक, बारच्या मागची गल्ली, बंद पडलेली गिरणी किंवा स्टेशनबाहेरचा स्कायवॉक: गुन्हे अशा ठिकाणी साठतात. यासाठी अख्खी वस्ती, तिथली जात किंवा धर्म 'तसलाच' ठरवू नका. झोपडपट्टीत राहणारे बहुसंख्य लोक गुन्हे करणारे नसतात.

महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर एफआयआर पाहता येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशाप्रमाणे, संवेदनशील प्रकरणे वगळून, ते साधारण २४ तासांत संकेतस्थळावर टाकावे लागतात. आपल्याला हव्या त्या ठाण्याचे दोन-तीन महिन्यांचे एफआयआर नजरेखालून घातले की घरफोड्या दिवसा होतात की रात्री, बंद फ्लॅट फोडतात की दुकाने, दुचाकी कुठून जातात, याचा अंदाज येतो. कोणत्याही क्रमवारीपेक्षा हे जास्त कामाचे.

मग प्रत्यक्ष जा. एकदा दिवसा, एकदा रात्री दहानंतर. वॉचमनशी, कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याशी, सकाळी फिरायला येणाऱ्या आजींशी बोला. विचारायचा प्रश्न 'भाग चांगला आहे का?' असा नको, त्याचे उत्तर 'हो' असेच येते. 'मागच्या वर्षभरात इमारतीत काय काय झाले?' असे विचारा. ११२ ला फोन केल्यावर गाडी किती वेळात आली, बीट मार्शल फिरतात का, चौकी नावाला आहे की उघडी असते, हेही तिथल्यांनाच माहीत असते.

ठाणेनिहाय आकडे पोलीस देतील का?

माहितीच्या अधिकारात मागता येतात. संबंधित जन माहिती अधिकाऱ्याकडे १० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह अर्ज करा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत असावा. 'गेल्या पाच वर्षांत अमुक ठाण्याच्या हद्दीत खून, घरफोडी, जबरी चोरी, वाहनचोरी यांचे वर्षनिहाय दाखल व उघडकीस आलेले गुन्हे' एवढे नेमके लिहा. सोबत 'अदखलपात्र नोंदी किती आणि गहाळ दाखले किती' हेही मागा. दखलपात्र गुन्हे कमी आणि गहाळ दाखले डोंगराएवढे, असे चित्र असेल तर त्या ठाण्यात काय चालते ते तुम्हीच ओळखाल. उत्तराची मुदत ३० दिवस.

माझीच फिर्याद घेत नसतील तर?

तोंडी नकार घेऊन परत येऊ नका. लेखी तक्रार द्या, पोच मागा. तरी घेतली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तक्रारीतला मजकूर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवता येतो. आयुक्तालयाच्या हद्दीत परिमंडळाच्या उपायुक्तांकडे जावे. तिथेही दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडला असला तरी 'झिरो एफआयआर' नोंदवून तो पुढे पाठवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. बलात्कार, ॲसिड हल्ला यांसारख्या गुन्ह्यांची खबर नोंदवायला नकार देणाऱ्या अधिकाऱ्याला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरी होऊ शकते. ऑनलाइन तक्रार दिली असेल तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करा, नाहीतर ती एफआयआर म्हणून धरली जात नाही. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.